जाळ्याच्या कडेचं पिल्लू

माझा इस्त्रीचा फवारा सापडेना. दारात गिऱ्हाईक उभं, त्याला ऑफिस गाठायचं, पँटची घडी पाणी मारल्याशिवाय बसत नाही, आणि फवारा गायब. मी शिवणकाम करते. नवीन काही शिवत नाही, लोकांचं जुनं नीट करते. चेन बदलायची, कंबर सैल करायची, बाही आखूड करायची. पुढची खोली म्हणजे माझं दुकान. तिथली कुठली सुई कुठल्या डबीत आहे ते मी झोपेतही सांगेन. त्यामुळे एखादी वस्तू जागेवर नसली की माझं डोकं फिरतं.

मागच्या दारातून पाहिलं, तर दोघी लिंबाच्या झाडापाशी वाकून उभ्या. माझी लेक आणि माझी नणंद. फवारा लेकीच्या हातात, आणि बाईसाहेब हवेत पाणी मारतायत. नणंदेच्या हातात माझा आरसा. गिऱ्हाइकाला पाठीमागची शिवण दाखवायला मी ठेवलेला आरसा तिनं झाडाखाली आडवा धरला होता आणि दोघी त्यात वरच्या जाळ्यातला कोळी बघत होत्या.

"पोटाकडून हिरवट," नणंद म्हणाली.

"आणि जाळं तिरकं!" माझी लेक म्हणाली. "म्हणजे चंदेरीच, आत्या! पैज जिंकले मी."

आणि दोघी खिदळल्या. सकाळच्या कामाच्या वेळी!

"फवारा," मी म्हटलं.

"अगं आई, हळू! पळेल ना ती."

"पळू दे. तिकडं माझं गिऱ्हाईक पळतंय."

नणंदेनं लगबगीनं फवारा माझ्या हातात आणून दिला. "चुकलंच वहिनी. विचारून घ्यायला हवा होता." ही अशी. हिच्यावर धड चिडायलाही मिळत नाही. तोंडावर मी तिला वन्सं म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र ती नुसती 'ती' आहे.

तिनं लग्न केलं नाही. आयुष्यभर एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बसून लोकांच्या रक्ताच्या काचा भिंगाखाली तपासल्या. निवृत्त झाली आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. "ती एकटी कुठं राहणार," असं हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान. बर्फाच्या कारखान्यात पाळीवर असतात, घरी आले की टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलक्या काढतात. बहीण आली काय आणि कोळी आले काय, त्यांना सगळं सारखंच. मीही हो म्हटलं. खोली रिकामीच होती. पण खोली दिली म्हणजे लेक दिली असं होत नाही ना!

माझी लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. पूर्वी संध्याकाळी आली की बॅग भिरकवायची, माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची आणि उसवायचा कपडा मांडीवर ओढायची. मी शिवायचे, ती उसवायची. आज कुणी फळ्यावरची अक्षरं पाठ करून आलं होतं, कोणते आजोबा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा हरवला म्हणून भांडले, सगळं मला सांगायची. तिची पहिली बातमी कायम माझी. लहानपणी दात पडला, तर तो मुठीत धरून ती बापाला ओलांडून माझ्याकडे धावत आली होती. आणि आता? चपला काढायच्या आत हाक मारते, "आत्या, आज काय सापडलं?" स्टूल रिकामं. उसवायचे कपडे माझे मीच उसवते, आणि मनातल्या मनात आणखीही बरंच काही उसवते.

सुरुवात माझ्याच झाडूपासून झाली. कपडे वाळत घालायला गेलं की रोज सकाळी एक जाळं तोंडावर यायचं आणि मी ते झाडूनं ओढून टाकायचे. एकदा नणंद मागून म्हणाली, "वहिनी, एक मिनिट थांबाल? केवढं रेखीव आहे बघा." लेक चहा पीत उभी होती, तीही बघायला आली. झालं. त्या दिवसापासून अंगणातलं प्रत्येक गोल जाळं म्हणजे जणू ह्या दोघींची खासगी मालमत्ता.

कोळी ओळखायचा कसा, ह्याची त्यांची एक पद्धत होती. मी काही विचारलं नाही, पण मागच्या दाराशी बटणं निवडत बसलं की आपोआप ऐकू येतं. आधी कोळ्याकडे बघायचंच नाही, जाळ्याकडे बघायचं. उभं आहे की तिरकं? मधोमध भोक आहे की भरलेलं? कोळी मध्ये बसलाय की कडेच्या पानाखाली लपलाय? जाळं दिवसभर असतं की सकाळी गुंडाळून ठेवलं जातं? मग पाण्याचा बारीक फवारा मारायचा म्हणजे धागे उठून दिसतात. मग पाठ बघायची, आणि शेवटी खालून आरसा धरून पोट. पोटावरच्या खुणांशिवाय नाव पक्कं करायचं नाही, हा नणंदेचा नियम. पाठीवर सगळेच नटतात, म्हणायची ती. मग फोटो काढून कसल्याशा अभ्यासकांच्या गटावर टाकायचे. त्या लोकांनी सांगितलेली नावं जिभेला वळत नसत, म्हणून लेक घरची नावं ठेवायची. काटेरी, चंदेरी, पानातली बाई. रोज संध्याकाळी जाळं विणून सकाळी ते खाऊन टाकायची तिचं नाव पाळीवाली. हे ऐकून आमच्या ह्यांना फार बरं वाटलं. "माझ्यासारखीच आहे बिचारी," म्हणाले, आणि परत डोळे मिटले.

मला नाही बरं वाटलं. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? अंगणातून दोघींचं हसू आलं की माझा पाय मशीनवर जोरात पडायचा आणि शिवण वाकडी जायची. एका माणसाच्या कोटाची बाही मी दोनदा उसवून शिवली. काय आहे असं तिच्यात? मी हिला जन्म दिला, ताप आला की रात्रभर उशाशी बसले, आणि ही कोण, निवृत्तीनंतर आयती येऊन आठ पायांच्या किड्यावर माझी पोर पळवणारी!

मग एका दुपारी पाण्याच्या टाकीमागं मला ती दिसली.

तिथं कुणी जात नाही. माझं जुनं मशीनचं लोखंडी स्टँड तिथं पडलेलं आहे. मी फडकं शोधायला गेले, तर स्टँड आणि भिंत ह्यांच्यामध्ये हे एवढं जाळं, आणि मधोमध पिवळे-काळे पट्टे ल्यालेली एक ठसठशीत बाई. आठ पाय, पण दोन-दोन जोडून असे धरलेले की चारच वाटावेत. आणि तिच्या पायांपासून जाळ्यात वर-खाली पांढरा जाड टाका. नागमोडी. काजाच्या कडेला मी मारते तोच झिगझॅग! मी फडकं शोधायचं विसरले आणि बघतच राहिले. मशीन नाही, दिवा नाही, आणि टाक्याला टाका सारखा. म्हटलं, ही माझी. ही ह्या दोघींची नाही.

आणि जाळ्याच्या पार कडेला, एका धाग्यावर, एक तपकिरी टिंब बसलेलं होतं. तांदळाच्या दाण्याहून लहान. नीट वाकून बघितलं तर त्यालाही पाय होते. अगंबाई, पिल्लू!

मी कुणाला सांगितलं नाही. रोज दुपारी चहाचा कप घेऊन टाकीमागं जायचे. जाळं उभं, मधलं भरलेलं, बाई मध्ये. पोट बघायला आरसा आणलाच होता. पिल्लू कधी वरच्या कोपऱ्यात, कधी खालच्या, पण जाळं सोडून जायचं नाही. मधूनच एक पाय उचलून धागा हलकेच ओढायचं. बाई जराशी हलली की लगेच मागं सरकायचं. मला हसू यायचं. आईला हाक मारतंय, लाडात आलंय! शहाणं गं माझं ते.

शेवटी राहवलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी दोघींना बोलावलं. खरं तर लेकीलाच बोलावलं होतं, पण तिच्या मागं शेपूट आलंच.

"आई! ही तू शोधलीस?" लेकीनं माझ्या गळ्यात हात टाकले. किती दिवसांनी! "आत्या, बघ तरी. आपण टाकीमागं कधी बघितलंच नाही."

"माझी आहे ही," मी म्हटलं. "आणि ते कडेला बघ. तिचं पिल्लू."

नणंद खाली बसली. आरसा घेतला. बराच वेळ त्या टिंबाकडे बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. "फार सुरेख आहे वहिनी," एवढंच म्हणाली. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू. अभ्यासकीणबाईंना बोलायला शब्द सापडेनात!

त्या भरात मी लेकीला म्हटलं, "घे शिकून. हातपाय फुटले तरी आईला सोडून गेलं नाही ते."

माझ्या गळ्यातले तिचे हात सैल झाले. तिनं आत्याकडे पाहिलं, आत्यानं तिच्याकडे. एक टाका सुटला तरी मला दिसतो, तर हे दिसणार नाही होय? पण मी तेव्हा इतकी हवेत होते की म्हटलं, असेल त्यांचं काहीतरी, जळत असतील.

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. लेक पुन्हा स्टुलावर येऊन बसायला लागली. "आई, तुझी झिगझॅगवाली कशी आहे?" म्हणून विचारायची. मी सांगायचे, ती उसवायची. पण मधेच तिचा हात थांबायचा. "आई," म्हणायची. मी म्हणायचे, "काय गं?" की म्हणायची, "काही नाही. पिल्लू काय करतंय?" आणि मी आनंदानं पिल्लाचं सांगत सुटायचे.

मग एका सकाळी कपड्यांची बादली घेऊन मागं गेले, तर लिंबाच्या पलीकडून आवाज आला.

"आज सांगून टाक तिला," नणंद म्हणत होती.

"आज नको आत्या. किती खूष आहे ती सध्या."

"रोज तेच म्हणतेस."

"तू पण सांगितलं नाहीसच की."

बादली मी तिथंच ठेवली. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझ्या लेकीच्या मनात काहीतरी आहे, ते नणंदेला ठाऊक आहे आणि मला नाही. पहिली बातमी तिची झाली. मशीनशेजारी उसवत बसण्याची ती सगळी माया म्हणजे मला झुलवणं होतं. दोघी मिळून मला खेळवतायत, आणि मी इकडं वेडी कोळ्याची कौतुकं सांगत बसलेय. आत जाऊन दोघींना समोरासमोर विचारायला हवं होतं. पण विचारायलासुद्धा मानाला धक्का लागतो. मी काही भीक मागणार नव्हते. मी तरातरा टाकीमागं गेले.

रात्री वारा सुटला होता. जाळ्याची एक बाजू फाटलेली, आणि पिल्लू एका तुटक्या धाग्याला लोंबत होतं. बाई आपली मध्यभागी निवांत. माझे डोळे भरून आले, रागानं की कशानं, देव जाणे. "ह्या घरात कुणाला आईपाशी राहायचंच नाही," मी म्हटलं. "थांब. तुला तरी नेऊन ठेवते."

दुकानातून दोरे काढायचा चिमटा आणला. ह्या हातांनी मी केसाइतके बारीक धागे उचलते, ते पिल्लू काय अवघड होतं? चिमट्यात त्याचा धागा धरला, अलगद उचललं आणि नेऊन बरोब्बर आईच्या पुढ्यात, झिगझॅगवर सोडलं.

बाई वळली. पापणी लवायच्या आत. मागच्या पायांनी पांढरा फितीसारखा धागा ओढून तिनं त्याला असं गरागरा फिरवलं की क्षणात त्याचं गाठोडं झालं. मग तिनं तोंड खाली नेलं.

मी किंचाळले. अशी किंचाळले की टीव्हीसमोरून हेसुद्धा उठून आले.

"खाल्लं! आईनं पोराला खाल्लं!"

दोघी धावत आल्या. लेकीनं मला धरलं. नणंद जाळ्याकडे बघून खालीच बसली. "अरेरे," म्हणाली, आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, तुम्ही त्याला मध्ये ठेवलंत का?"

"आईजवळ ठेवलं! कुठं ठेवणार?"

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "ते पिल्लू नव्हतं. तो नर होता. पूर्ण वाढलेला. ह्यांच्यात नर एवढेसेच असतात. दिवस दिवस कडेला बसतात, धागा हलवून अंदाज घेतात, तिचा रागरंग बघतात. मग जपून पुढं जातात. एकदम समोर आला की तिला तो माशी वाटतो."

मी त्या गाठोड्याकडे बघत राहिले. मी दुपार-दुपार ज्याला शहाणं म्हटलं ते बाळ नव्हतंच. आणि जो कोण होता त्याला मी मारलं. ह्या चिमट्यानं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

नणंद उठून हात झटकायला लागली.

"वन्सं, मी काय विचारतेय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात? मला वेडी ठरवलंत? मागं जाऊन हसत असाल दोघी!"

"नाही हो, हसलो नाही. तुम्ही पहिल्यांदाच मला काहीतरी दाखवायला बोलावलं होतंत." ती म्हणाली. "इतक्या खूष होतात. मला वाटलं, आता हे चुकीचं आहे म्हटलं तर पुन्हा कधी बोलावणार नाही. माझंच चुकलं. सांगितलं असतं तर तो वाचला असता."

"माझ्या खुषीची एवढी काळजी!"

"तू नाही का रागवत, आई?" लेक एकदम म्हणाली. "तुझ्या मनासारखं नसलं की दिवस दिवस बोलत नाहीस. मशीन एवढ्या जोरात चालवतेस की पलीकडच्या घरात कळतं. कोण सांगणार तुला? म्हणून मी पण नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलंस?"

तिनं मला धरलेला हात काढला. पण आता मागं फिरायला जागा नव्हती.

"डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागलीय मला. दुसऱ्या शहरात. पुढच्या महिन्यात जायचंय. मी हो म्हटलंय त्यांना."

हे म्हणाले, "अरे वा!" मग माझ्याकडे पाहून आत निघून गेले.

मी काय म्हटलं? "मग जा की! थांबलीस कशाला? आजच जा!" असं म्हटलं. आईच्या तोंडून जे निघू नये ते नेमकं तेव्हाच निघतं. दुकानात येऊन मशीनवर बसले आणि पाय मारत सुटले. फडक्यावर सुई वर-खाली होत होती, भोकं पडत होती. दोरा ओवलेलाच नव्हता, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं. पलीकडच्या घरात कळतं, म्हणे. कळू दे. मग एकदम जाणवलं की खरंच ऐकू जात असेल, आणि पाय थांबला.

त्या शांततेत मला टाकीमागचं ते दिसायला लागलं. कडेला बसलेला, पाय उचलून धागा ओढून बघणारा. हलली की मागं सरकणारा. "आई" म्हणायची आणि "काही नाही" म्हणायची माझी लेक. माझ्या घरात माझं स्वतःचं पोर अंदाज घेत फिरत होतं, आणि मी त्याला लाड समजत होते.

संध्याकाळी ती आली. स्टुलावर बसली नाही, दाराशी उभी राहिली.

"बस," मी म्हटलं. "ती निळी पँट घे उसवायला. आणि पहिल्यापासून सांग. आत्याला सांगितलंस तसंच सगळं. एक शब्द गाळायचा नाही."

तिनं सांगितलं. अर्ज कधी केला, मुलाखतीला रजा कशी काढली, तिथल्या डॉक्टरीणबाई किती खडूस आणि किती हुशार आहेत, राहायला खोली कुठली बघितलीय. सांगता सांगता तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला सहन होईना, आणि तिच्यावरून नजरही हलवता येईना.

"आत्या काय म्हणाली?" मी विचारलं. विचारल्याशिवाय कशी राहीन?

"आधी आईला सांग म्हणाली. पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होती."

हेही लागलं. ती वाईट वागली असती तर किती सोपं झालं असतं मला!

तरी मी नणंदेला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले. "वन्सं, एक सांगून ठेवते. इथून पुढं मला खरं सांगायचं. मी खूष असले तरी, आणि मी आकांडतांडव करणार हे माहीत असलं तरी. माझ्यावर दया दाखवायची नाही."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही मशीन चालवायचं नाही मग."

"ते बघू," मी म्हटलं.

लेक गेली. तिच्या सगळ्या कपड्यांच्या शिवणी मी दुहेरी मारून दिल्या, बॅगेचा पट्टा नवा घातला. निरोप देताना आत्याच्या गळ्यात ती जास्त वेळ होती की माझ्या, हे मी बघितलं. माझ्याच. पण थोडाच.

मग घरात आम्ही दोघी उरलो, आणि झोपलेले हे. नणंद अंगणात, मी दुकानात. टाकीमागची बाई कुठं निघून गेली कोण जाणे. जाळं फाटत गेलं, झिगझॅगचा एक तुकडा तेवढा लोंबत राहिला. मी तो झाडला नाही.

आणि परवा दुपारी माझा फोन वाजला. लेकीचा फोटो. तिच्या नव्या खोलीची खिडकी, खिडकीबाहेर गोल जाळं, मध्ये एक फुगीर करडी बाई. खाली लिहिलेलं, "आई, ओळख बघू!"

आई! मला! मी कात्री टाकली. दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फोटो मोठा केला. जाळं उभं. मध्ये भोक नाही. पोट दिसत नाही, म्हणजे पक्कं सांगता येत नाही. एकदा, दोनदा, कितीदा बघितला. नणंदेला दाखवायचाच नाही असं ठरवलं. हा माझा आहे. चहाच्या वेळेपर्यंत तो मी एकटीनं पुरवून पुरवून बघितला. पण ओळखता येईना, आणि उत्तर तर द्यायचं होतं.

शेवटी हाक मारली. "वन्सं, जरा बघता? लेकीनं पाठवलाय. मला."

ती आली, चष्मा लावून तिनं फोटो पाहिला. फार पटकन पाहिला. जो माणूस एका कोळ्याच्या पोटापायी आरसा धरून अर्धी सकाळ उभा राहतो, तो एवढ्या पटकन नजर काढत नाही.

मी फोन तिच्याकडून परत घेतला.

"खरं सांगा," मी म्हटलं. "तुम्हाला पण आलाय ना?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं. मी वाट बघत होते, आणि ती काय म्हणाली की मला बरं वाटेल ते मला नेमकं माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "सकाळीच. तुमच्या आधी."

मी मशीनची कड घट्ट धरली. पाय आपोआप खालच्या पट्टीवर गेला. ती तिथंच दाराशी उभी होती. आत येत नव्हती आणि जातही नव्हती, माझ्या पायाकडे बघत होती.

मी पाय काढून घेतला. शेजारचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बसा," मी म्हटलं. "आणि सांगा, ही कोणती?"